विश्वासू टर्नर आणि सुशिक्षितांची तक्रार

आमच्या सुशिक्षित वर्गांत कांहीं तक्रारी अशा आहेत कीं, त्या करण्यांतच एक प्रकारचा मोठेपणा मानला जातो. मोलकरीण वेळेवर येत नाहीं, सुतार दिलेली तारीख पाळीत नाहीं, गवंडी सिमेंट खातो, या झाल्या जुन्या तक्रारी. अलीकडे त्यांत एका नव्या तक्रारीची भर पडली आहे, आणि ती तरुणांच्या व त्यांची बाजू घेणाऱ्या वडील मंडळींच्या तोंडून ऐकूं येते. ती अशी कीं, विश्वासू टर्नर मिळत नाहीं. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड कातून देणारा कारागीर. जुनी मोटरसायकल घ्यावी, तिची चौकट व इंजिन कायम ठेवावें, आणि बाकीची गाडी आपल्या मापानें व आपल्या मनासारखी बांधून घ्यावी, असा एक नाद आजच्या शिकलेल्या तरुणांत शिरला आहे. त्यांतून ही तक्रार निघाली. असल्या गाडीस लागणारे कितीतरी भाग बाजारांत तयार मिळत नाहींत. ते एकेक करून कातून घ्यावे लागतात. आणि कातणारा म्हणे एक तर वेळ पाळीत नाहीं, नाहीं तर माप पाळीत नाहीं, पैसे मात्र तोंडाला येतील ते मागतो.

ही तक्रार अगदींच खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वाईट टर्नर आहेत, आणि पुष्कळ आहेत. वाईट प्रोफेसरही पुष्कळ आहेत. परंतु विश्वासू प्रोफेसर मिळत नाहीं म्हणून कोणी घरोघर हळहळत बसल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ही तक्रार भलत्याच दारीं नेली जात आहे. विश्वासू टर्नर आहे. त्यास ओळखण्याची, त्याच्या कामाचें मोल देण्याची आणि त्याच्याशीं त्याच्या भाषेंत बोलण्याची पात्रता आमच्या वर्गानें कधीं कमावलीच नाहीं. आणि आहे तो कारागीरही आमच्या डोळ्यांदेखत नाहींसा होत चालला आहे, याची या तक्रारखोरांस दादही नाहीं.

हा वाद ज्या गांवावरून आमच्या कानीं आला तें गांवही विचार करण्यासारखें आहे. ठाण्याहून बाळकुमाच्या पुढें खाडीचा पूल ओलांडला कीं कशेळी लागते. जुन्या आग्रा रस्त्यावरचें हें भिवंडी तालुक्यांतील गांव. आज तेथें रस्त्याच्या कडेनें फर्निचरचीं दुकानें आहेत, दुकानांच्या मागें गोदामें, गोदामांच्या मधून मधून उंच इमारती, आणि रस्त्याच्या मध्यभागीं मेट्रोचे खांब. पुढें काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा, आणि मग भिवंडी. या इमारतींत राहणारा तरुण सकाळीं पूल ओलांडून ठाण्यास किंवा मुंबईस संगणकापुढें बसावयास जातो. त्याच्या पाठीमागें, दोन-तीन कोसांवर, पिढ्यान्‌पिढ्या लोखंड कातणारे लोक राहतात, हें त्याच्या गांवींही नसतें.

भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. यंत्रमाग म्हणजे अहोरात्र आपटणारें यंत्र. त्याचा दांडा झिजतो, बुश झिजतें, चाकाचे दांते जातात. आणि माग बंद राहिला कीं विणकराची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मागांच्या शेडींशेजारीं लेथ आला. झिजलेला भाग सकाळीं आणावा, दुपारीं तसाच दुसरा कातून न्यावा, आणि संध्याकाळच्या आंत माग चालू व्हावा, या निकडींतून तेथील टर्नर तयार झाला. त्याच्यापाशीं विद्यापीठाची पदवी नाहीं. परंतु चुकीचा कातलेला भाग दुसऱ्याच दिवशीं परत येतो आणि गल्लीभर बभ्रा होतो, ही परीक्षा त्याची रोज होत आली आहे. आमच्या परीक्षा वर्षांतून दोनदां होतात, व त्यांत फेरतपासणीची सोय असते!

आमचा एक जुना विद्यार्थी याच कशेळींत राहतो. बारावीपर्यंत तो आम्हांपाशीं इंग्रजी शिकला, पुढें इंजिनियर झाला. त्याच्या वडिलांची एक येझ्दी होती. आयडियल जावा या कंपनीनें म्हैसूर येथें १९६१ पासून प्रथम जावा व पुढें येझ्दी या नांवानें ज्या गाड्या काढल्या, त्यांतली ही एक. तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. २०१८ सालीं जावा हें नांव बाजारांत परत आलें खरें; परंतु जुनें इंजिन दोन स्ट्रोकचें, नवें चार स्ट्रोकचें; एकाचे भाग दुसऱ्यास उपयोगी नाहींत. वडील वारल्यावर ही गाडी भंगारांत न घालतां आपल्या हातानें पुन्हां उभी करावी, आणि पुढें जुन्या ड्रम ब्रेकच्या जागीं दुसऱ्या गाडीचें डिस्क ब्रेकचें चाक बसवावें, असा त्यानें बेत केला. कायद्यास हें कितपत मानवतें तें पुढें पाहूं. या बेतासाठीं त्यास पुढच्या चाकाचा नवा आंस, ज्यास मेकॅनिक एक्सल म्हणतात तो, आंसावर चढविण्याच्या दोन नळ्या, आणि हबांतील बेअरिंगांचीं घरें, एवढें काम लेथवर करून हवें होतें. तीन आठवडे त्यानें ठाणें-भिवंडी पालथी घातली आणि मग आम्हांकडे येऊन गाऱ्हाणें मांडलें. एकानें तासाभरांत करून दिलें, तें ढिलें झालें. दुसऱ्यानें चार वेळां हेलपाटे घालावयास लावले. तिसऱ्यानें काम ठेवून घेतलें आणि हरवलें.

“आणि शेवटचा तर, सर, काम घ्यायलाच तयार नाहीं. इतका उर्मट म्हातारा!”

हा म्हातारा काय म्हणाला तें आम्हीं खोदून खोदून विचारलें. भिवंडीच्या एका गल्लींत त्याचें दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याखालीं एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक ग्राइंडर. त्यानें सळई हातांत फिरवून विचारलें, हें कोणतें स्टील? आमचा विद्यार्थी म्हणाला, चांगलें आहे, दुकानदारानें सांगितलें आहे. बेअरिंग आणलें आहे काय? नाहीं, पण माप फोनवर आहे. ड्रॉइंग? तेंही नाहीं, फोटो आहे. मग म्हाताऱ्यानें विचारलें, गाडीवर मागें कोण बसणार? “आई बसेल कधीं कधीं,” असें हा म्हणाला. त्यावर त्यानें सळई परत दिली. “मग ही घेऊन जा, भाऊ. हब आण, बेअरिंग आण, स्टीलचा कागद आण. नाहीं तर हें काम माझ्याकडून नको.”

हा उर्मटपणा! आमच्या विद्यार्थ्यानें तीन आठवडे ज्या माणसाचा शोध केला तो हाच होता, आणि तो भेटल्यावर त्यास शिवी देऊन हा घरीं आला. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आमच्याकडे उगीच पडली नाहीं.

त्या चार प्रश्नांचा अर्थ थोडा विस्तारानें सांगतों. कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा एखादा मोटरसायकलवाला तरुण असेल, आणि त्याचा जीव त्या अर्थावर अवलंबून आहे. बेअरिंग कशाला हवें? बेअरिंगांचें एक नेहमींचें माप असें आहे कीं, आंतील भोंक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२. हे आंकडे पाहून अजाण माणसास वाटतें कीं, हबांत ४० मिलिमीटरचें घर कातलें म्हणजे झालें. तसें नाहीं. तें घर चाळिसाहून एक ते तीन शतांश मिलिमीटरानें लहान लागतें, तेव्हां बेअरिंग त्यांत दाबून घट्ट बसतें. माणसाचा केस साधारणपणें सात शतांश मिलिमीटर जाड धरला, तर हा सारा व्यवहार अर्ध्या केसाच्या आंतला झाला. घर मोठें झालें तर बेअरिंगची बाहेरची कडी त्यांत फिरूं लागते, हब खाते, आणि चाक डुलूं लागतें. तें फार लहान झालें तर कडी आंवळते, आंतल्या गोळ्यांस खेळावयास जागा उरत नाहीं, आणि बेअरिंग तापून जातें. ही गोष्ट फोनवरच्या फोटोवरून साधत नाहीं. जी वस्तु जींत बसवावयाची त्या दोन्ही समोर ठेवून, मायक्रोमीटरनें मोजून, थोडें कातून, पुन्हां मोजून ती साधावी लागते.

स्टीलचा कागद कशाला? साध्या मऊ पोलादाची सळई आणि निकेल-क्रोमियम घातलेल्या, बाजारांत ज्यास ईएन २४ म्हणतात त्या पोलादाची सळई, यांतला भेद नुसत्या डोळ्यांनीं कोणास सांगतां येत नाहीं. कातल्यावर दोन्ही सारख्याच चकाकतात. ग्राइंडरवर धरली असतां उडणाऱ्या ठिणग्यांवरून जाणत्यास अंदाज करतां येतो. पण तो अंदाजच. पहिली सळई रस्त्यावरच्या एका मोठ्या खड्ड्यांत वांकेल, दुसरी वांकणार नाहीं. आणि आपल्याकडील खड्ड्यांविषयीं आम्हीं वाचकांस नव्यानें कांहीं सांगावयास नको.

ड्रॉइंग कशाला? आंसाचा व्यास जेथें बदलतो तेथें कोपरा पडतो. तो कोपरा कातणाऱ्यानें धारदार ठेवला तर सारा ताण तेथें एकवटतो आणि तेथूनच भेग सुरू होते. थोडी गोलाई ठेवली तर आंस वर्षानुवर्षें टिकतो. ही गोलाई किती ठेवावयाची हें ड्रॉइंगांत लिहावें लागतें. फोटोंत ती दिसत नाहीं. हें ज्ञान माणसांस फार महाग पडून मिळालेलें आहे. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस तुटला, मागचे डबे इंजिनावर चढले, आग लागली, आणि पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. पुढच्याच वर्षीं रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनियरानें अशा तुटक्या आंसांचा अभ्यास करून, व्यास बदलतो त्या जागीं गोलाई ठेवण्याची आवश्यकता दाखविली. आणि नंतर प्रशियांत व्होलर यानें वर्षानुवर्षें प्रयोग करून सिद्ध केलें कीं, धातु एका धक्क्यानें तुटत नसली तरी लाखों लहान धक्के खाऊन थकते आणि मग एके दिवशीं तुटते. भिवंडींतल्या त्या म्हाताऱ्यानें व्होलरचें नांव ऐकलें नसेल. आमच्या विद्यार्थ्यानें तें परीक्षेंत लिहून गुण मिळविले असतील. पण कोपरा गोल ठेवावयाचा ही गोष्ट दोघांपैकीं कोणाच्या हातांत होती, हें आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

चौथ्या प्रश्नास कोणतेंही सूत्र नाहीं. मागें कोण बसणार, हें विचारणारा माणूस आपण कातलेल्या लोखंडाचा हिशेब कोठपर्यंत पोंचतो हें जाणतो.

तेव्हां विश्वासू टर्नर ओळखावयाचा कसा, असें कोणी आम्हांस विचारील तर आमचें उत्तर असें कीं, तो काय आश्वासन देतो हें ऐकूं नका, तो काय विचारतो तें ऐका. जो कांहीं न विचारतां ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्याच्या दुकानांतून सळई उचलावी आणि चालूं लागावें. त्याच्या बांकावर मापाचीं हत्यारें कशीं ठेवलीं आहेत तें पाहावें. मायक्रोमीटर कापडांत गुंडाळून पेटींत आहे कीं लोखंडाच्या किसांत लोळतो आहे, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतें. पहिल्याच दिवशीं आंस देऊं नये; एखादें साधें बुश द्यावें, आणि तें कसें येतें तें पाहावें. आणि वारंवार ‘घाई आहे’ म्हणूं नये. घाई असणाऱ्यास घाईचें काम मिळतें.

येथें आमचे प्रतिपक्षी म्हणतील, हें सारें ठीक. पण पैशांचें काय? एवढ्याशा नळीला एवढे पैसे? हा आक्षेप विशेषतः अशा गृहस्थांकडून येतो कीं, जे वकिलास पांच मिनिटांच्या सल्ल्याचे पैसे देतांना अवाक्षर काढीत नाहींत. नळी कातावयास दहा मिनिटें लागत असतील. पण ती चकमध्यें सरळ धरणें, डायल लावून तिचा डोल काढणें, टूलला धार लावणें, हबाचें माप घेणें, यांत दीड तास जातो. आणि एकच नळी करावयाची असल्यामुळें तो सबंध दीड तास त्या एका नळीच्या माथीं बसतो. हजार नळ्या असत्या तर तो हजारांत वांटला गेला असता. याच कारणास्तव ‘आतां संगणकावर चालणारीं यंत्रें आलीं, टर्नर हवाच कशाला’ हें म्हणणेंही पोकळ आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण येथें असलीं यंत्रें आहेत, आणि तीं उत्तम काम करतात. पण तुमच्या वडिलांच्या येझ्दीच्या एका आंसासाठीं तेथील कोणता कारखाना आपलें चालतें काम थांबविणार आहे? एकट्या-दुकट्या वस्तूला माणूसच लागतो, आणि त्या माणसाच्या वेळेला किंमत आहे. आम्ही वजनावर पैसे देऊं पाहतों, तो वेळेवर मागतो; सारें भांडण एवढ्याचें आहे.

मोटरसायकलीचा हा नाद पोरकट आहे, असेंही कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतात. फटफट आवाज करीत रात्रीं गल्ल्यांतून हिंडणाऱ्यांविषयीं तें म्हणत असतील तर आमची कांहीं तक्रार नाहीं; त्यांच्या पुंगळ्या पोलिसांनीं रोलरखालीं चिरडल्या याचें आम्हांस दुःख झालें नाहीं. परंतु नाद आणि नाद यांत भेद आहे. न्यूझीलंडांतील बर्ट मन्रो यानें १९२० सालची इंडियन मोटरसायकल घेऊन तिच्यावर चाळीस वर्षांहून अधिक काळ घालविला. पिस्टन घरीं ओतले, कनेक्टिंग रॉड स्वतः घडविले, आणि १९६७ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १८० मैलांहून अधिक वेगाचा, हजार सी. सी. च्या आंतल्या गाड्यांचा विक्रम केला. अमेरिकेंतच मॅथ्यू क्रॉफर्ड या गृहस्थानें शिकागो विद्यापीठाची राज्यशास्त्रांतील डॉक्टरेट घेऊन पुढें मोटरसायकली दुरुस्त करण्याचें दुकान काढलें, आणि हातानें काम करण्यांत बुद्धि किती खर्चावी लागते यावर २००९ सालीं पुस्तक लिहिलें. आमच्या ओळखीच्या एखाद्या डॉक्टरेटवाल्यानें असें दुकान काढलें तर त्याच्या धाकट्या भावाचें लग्न जमण्यास किती अडचण पडेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

असें आमच्यांत पूर्वींही होतें, असें म्हणावें तर लक्ष्मणराव किर्लोस्कर डोळ्यांपुढें उभे राहतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ड्रॉइंग शिकविणारे हे मास्तर. त्यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, पुढें नांगर केले, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्याच घराण्यानें १९४१ सालीं म्हैसूर संस्थानांत हरिहर येथें कारखाना घातला, आणि तेथून निघालेले लेथ देशभर गेले. शिकलेला माणूस, ज्याला ड्रॉइंग काढतां येतें आणि ज्याला काळें तेल लागलेल्या हाताची लाज वाटत नाहीं, असा हा नमुना आमच्याच मातींत झाला. आज आम्ही त्यांच्यावर भाषणें करतों, आणि भाषण आटोपून घरीं आल्यावर मुलास सांगतों कीं, आय. टी. आय. ला जाण्याची पाळी येऊं नये म्हणून अभ्यास कर! टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आमच्या घरांत शिक्षेचें नांव होऊन बसला आहे. आणि मग त्याच आम्हांस विश्वासू टर्नर हवा असतो.

आमच्या वाङ्मयाची स्थिति याहून निराळी नाहीं. जॉर्ज इलियटनें १८५९ सालीं एका सुतारास कादंबरीचा नायक केला आणि त्याच्या रंध्याइतकीच त्याच्या मनाची बारकाईनें पाहणी केली. आमच्याकडे मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ गिरणगांवांत शिरली हें खरें. परंतु हत्यार हातांत धरून माप साधणारा, माप साधल्यावर मनांत सुखावणारा माणूस आमच्या कथाकादंबऱ्यांत शोधूं गेलें तर वकील, कारकून आणि प्रोफेसर यांच्या गर्दींत तो सांपडणें कठीण. असो, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आतां कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या कागदांतील तपशील मूळ उत्पादकानें दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें कलम कडकपणें लावावयाचें असा निकाल दिला. आणि त्याच सालच्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेल्या फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. कायद्याचा हेतु सुरक्षिततेचा आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं पहिला सल्ला हाच दिला कीं, डिस्क ब्रेकच्या चाकाचें आधीं आर. टी. ओ. त विचार, तेथें नाहीं म्हणाले तर मूळचेंच चाक ठेव, आणि झिजलेला भाग त्याच मापाचा नवा कातून घे. ती दुरुस्ती होय, फेरफार नव्हे. परंतु या कायद्याचा एक परिणाम कोणी बोलून दाखवीत नाहीं. कर्णकर्कश पुंगळी बसविणारा आणि योग्य पोलादाचा, योग्य मापाचा आंस कातणारा, या दोघांत सामान्य माणसाच्या मनांत फरकच उरला नाहीं. त्यामुळें मोटरसायकलीचें काम म्हटलें कीं टर्नर बिल देत नाहीं, बिलावर नांव लिहीत नाहीं, कोणत्या स्टीलचें काम केलें तें लिहीत नाहीं. आणि गिऱ्हाइकही मागत नाहीं. जेथें बिल नाहीं तेथें जबाबदारी कोणाची? निनांवी काम मागावयाचें आणि तें निनांवी निघालें म्हणून कारागिरास अप्रामाणिक म्हणावयाचें, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

पूर्वीं गांवचा लोहार विश्वासू कां होता? तो स्वभावतः आमच्याहून साधु होता म्हणून नव्हे. तो पुढच्या सुगीलाही त्याच गांवांत असावयाचा होता, आणि त्याचें बलुतें त्याच घरांतून यावयाचें होतें. आज भिवंडींतल्या त्या टर्नरास पुढच्या वर्षीं आपण त्या गल्लींत असूं कीं नाहीं याची खात्री नाहीं. यंत्रमाग बंद पडून भंगारांत जात आहेत. मागाबरोबर मागाचे भाग कातण्याचें काम जातें. आणि ज्या शेडींत लेथ आहे तिला गोदामाचें भाडें अधिक मिळतें हें शेडीच्या मालकास कळून चुकलें आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटीची गोष्टही तीच. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि त्याची पहिली वसाहत तेथें झाली. आज तिच्यांतील कितीएक कारखान्यांच्या जागीं कांचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. कशेळीचा तरुण त्यांतल्याच एखादींत बसून ‘जवळपास चांगला टर्नर’ कोठें आहे तें फोनवर शोधीत असतो. त्या कचेरीच्या जागीं पूर्वीं कोण असेल, याचा विचार त्याच्या मनास शिवत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, त्या म्हाताऱ्याचा मुलगा गोदामांतून निघणारीं पार्सलें घरोघर पोंचविण्याचें काम करतो. बापाच्या लेथवर त्याचा हात बसलेला नाहीं, आणि बापानेंही तो बसविला नाहीं. आम्ही त्यास दोष कसा देणार? आम्हीं आपल्या मुलांच्या बाबतींत जें केलें तेंच त्यानें केलें.

मॉडस्लेचें उदाहरण येथें देण्याचा मोह आवरत नाहीं. बाराव्या वर्षीं वुलिचच्या शस्त्रागारांत काडतुसें भरावयास लागलेला हा हेन्री मॉडस्ले पुढें लंडनांत असा कारागीर झाला कीं, आजच्या लेथचा पूर्वज त्याच्या हातून पूर्णत्वास गेला असें मानतात. त्याच्या बांकावर एक मापयंत्र असे. त्यास तो ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणे, कारण मापाच्या भांडणांत त्यापुढें अपील नसे. त्याच्या हाताखालीं जोसेफ व्हिटवर्थ तयार झाला, आणि त्यानें १८४१ सालीं सबंध इंग्लंडसाठीं स्क्रूच्या आट्यांचें एक प्रमाण मांडलें. त्याचा आटा ५५ अंशांचा. आजचा मेट्रिक आटा ६० अंशांचा. १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागलेल्या बुलेटच्या जुन्या गाड्यांत इंग्रजी मापाचे आटे सांपडतात, नव्यांत मेट्रिक. दोन्ही दिसावयास सारखे. जोर केला तर पुष्कळदां एकाचा नट दुसऱ्यावर चार फेरे चढतोही, आणि मग घाटांत सुटतो. हा फरक बोटानें चाचपून सांगणारे लोक आजही भिवंडींत आहेत. मॉडस्लेपाशीं व्हिटवर्थ शिकावयास आला. यांच्यापाशीं कोण येत आहे?

म्हणून आमची मागणी अगदीं लहान आहे. ठाणें जिल्ह्यांत इंजिनियरिंगचीं कॉलेजें पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वर्कशॉपांत लेथही आहेत. त्यांतले कांहीं वर्षांतून पंधरा दिवस फिरतात. या कॉलेजांनीं भिवंडींतील अनुभवी टर्नरांस आठवड्यांतून दोन दिवस बोलवावें, विद्यार्थ्यांनीं काढलेलें ड्रॉइंग त्यांच्या हातांत द्यावें, आणि त्यांनीं तें चुकीचें म्हणून परत केलें तर विद्यार्थ्यानें दुसरें काढून आणावें. मानधन तेंच द्यावें जें पाहुणा व्याख्याता म्हणून आमच्यासारख्यांस दिलें जातें. पदवी नसलेल्या माणसास वर्गांत उभें करतां येत नाहीं, नियम आड येतो, असें कोणी म्हणेल, तर तो नियम कोणता, कोणी केला आणि त्यानें आजवर किती विद्यार्थ्यांस बेअरिंगचें घर कातावयास शिकविलें, हें संबंधितांनीं छापून सांगावें. याच पानांतून आम्ही उत्तर देऊं.